आरोपी उभा राहिला नाही

न्यायाधीश साहेब आत आले. वकील, बाबू, पोलीस, सगळे उठले. माझा आरोपी देवराम मात्र मागच्या बाकावर बसूनच राहिला.

बालाघाटच्या कोर्टात मी बरीच वर्षं वकिली करते आहे. साहेब आले की उठायचं, हे इथे चहावाल्यालाही सांगावं लागत नाही. आणि देवराम तर भारी अदबीचा माणूस. किरनापूरकडे विरोधी पक्षाचं काम करतो, भाषणात गरजतो, पण माझ्या घरी आला की बसा म्हटल्याशिवाय बसत नाही.

त्याचा गुन्हा काय, तर मंत्र्यांच्या गाडीला काळा गमछा दाखवला. त्या दौऱ्यात पोलिसांनी कॉलेजच्या मुलींच्या काळ्या ओढण्यासुद्धा गेटवर काढून ठेवायला लावल्या होत्या. देवरामचा गमछा खिशात होता म्हणून वाचला. एफआयआरमध्ये मात्र त्या गमछ्याचा दगड झाला. दगडफेक, शासकीय कामात अडथळा, सगळी कलमं लावली. बाकी साथीदारांची नावं काढायची म्हणून टीआयला, म्हणजे ठाण्याच्या इन्स्पेक्टरला, पीआर हवी होती.

हे जरा सोपं करून सांगते. अटक झाली की पोलिसांना आरोपी कोर्टापुढे आणावा लागतो. तिथून पुढे एक तर पीआर, पोलीस रिमांड, म्हणजे माणूस परत त्याच ठाण्यात. नाहीतर जेआर, म्हणजे तुरुंग. आपला माणूस तुरुंगात जावा म्हणून वकिलाने जीव तोडून भांडावं, हे बाहेरच्यांना विचित्र वाटेल. आमच्याकडे आता हे रोजचं झालं आहे.

देवरामची बायको सुमन मला व्हरांड्यात भेटली होती. पदर तोंडात धरून म्हणाली, "ताई, त्याईले परत ठाण्यात नेलं त थे जितं घरी नाही येत."

मी "हौ, पाहतो" म्हणाले, पण हातात काहीच नव्हतं. ठाण्यात मला भेटू दिलं नव्हतं. "कोर्ट में मिल लीजिएगा, मैडम," म्हणून टीआयने हसत बोळवण केली होती. सरकारी डॉक्टरांच्या मेडिकलमध्ये सगळं सामान्य. चेहऱ्यावर साधा ओरखडा नाही.

"ये खड़ा क्यों नहीं हो रहा?" साहेबांनी विचारलं.

दोन शिपायांनी देवरामला बगलेत हात घालून उचललं. टीआय म्हणाला, "थका हुआ है, सर."

मी जवळ गेले. "देवरामभाऊ, काहून उठून नाही राह्यले?"

त्याने आधी टीआयकडे पाहिलं, मग खाली जमिनीकडे. मीही खाली पाहिलं. त्याच्या पायात कोरी करकरीत रबरी चप्पल होती, लेबलाचा दोरा अजून लोंबत होता. त्या लहानखुऱ्या माणसाला ती केवढी तरी मोठी. तरी पाय बाजूंनी बाहेर आलेले.

"तुमचे जोडे कुठी हायेत?"

"पायात जाऊन नाही राह्यले, ताई," तो पुटपुटला.

तळव्यांवर मारलं की कपड्यांबाहेर खूण दिसत नाही. नंतर गार पाण्यात चालवतात, म्हणजे सूज उतरते. हे मी जुन्या वकिलांकडून ऐकलं होतं. या हरामखोरांनी बाजारात जाऊन त्याच्यासाठी मोठ्या मापाची चप्पल आणली होती! माप घेऊन! माझं डोकंच फिरलं.

"सर, इनसे कहिए, इसके हाथ छोड़ें."

"मैडम ड्रामा कर रही हैं," टीआय म्हणाला.

"ड्रामा आहे ना, मग सोडा त्याला!" मी भर कोर्टात मराठीत ओरडले. वकिलाने असं ओरडायचं नसतं.

साहेबांनी पेन खाली ठेवलं. "छोड़ दीजिए."

शिपायांनी हात काढले. देवराम जागच्या जागी कोसळला. पडताना बाकाची कड कपाळाला लागली, पण त्याने हात नेला तो पायांकडे.

साहेब खुर्चीवरून उतरून खाली आले. चप्पल काढायला लावली. तळवे वांग्यासारखे काळेनिळे झाले होते. साहेबांनी सगळ्या पोलिसांना बाहेर काढलं, दार लावून घेतलं, आणि मग देवराम बोलला.

पीआर नामंजूर झाली. आधी दवाखाना, मग जेआर. नव्या तपासणीत टाचेचं हाड मोडलेलं निघालं. पहिल्या डॉक्टरांना मी गाठलं, तर म्हणाले, "बाजू में पुलिस खड़ी थी मैडम, चप्पल कैसे उतरवाता?" मी त्यांना काय म्हणाले ते इथे लिहिता येत नाही.

देवराम जामिनावर सुटला. दगडफेकीचा खटला सुरूच आहे. टीआयची चौकशीही सुरू आहे म्हणतात. तोवर त्याला याहून मोठं ठाणं मिळालं.

देवराम आता तारखेला काठी टेकत येतो. साहेब आले की काठीवर जोर देऊन, दात आवळून उठतो. मी परवा चिडलेच. "बसून राहा ना! साहेबाईनं तुम्हाले परवानगी देली हाये."

"नाही ताई," तो म्हणाला. "त्या दिवशी उठता नाही आलं, त्याची लाज वाटते."

लाज याला वाटते. ज्यांना वाटायला हवी ते सलाम घेत फिरतात.

हाताखालच्या नव्या वकिलांना मी एवढंच सांगते. रिमांडला आरोपीचा चेहरा न्याहाळत बसू नका. त्याच्या पायातली चप्पल त्याचीच आहे का, ते आधी बघा.