सीट नंबर चारशे सतरा

परीक्षेला बसावं कसं, हे माझ्या आतोबांइतकं कळलेला माणूस ठाण्यापासून कल्याणपर्यंत दुसरा झाला नसेल. पेपरात लिहायचं काय, हा भाग त्यांच्या मते दुय्यम. तो पुस्तकात सापडतो. बसण्याचं शास्त्र मात्र कुठल्याच पुस्तकात नाही, म्हणून ते त्यांनी स्वतःच्या अंगावर घेतलं होतं. ठाण्याच्या एका कचेरीत कारकुनी करणारा हा किडकिडीत, काळ्या टोपीतला माणूस रविवारी डोंबिवलीतल्या आपल्या दोन खोल्यांत अख्खं परीक्षा केंद्र चालवायचा, आणि तेही फुकट.

मी त्यांच्या तावडीत सापडले त्याला कारण होतं. मेडिकलचा प्रवेश इंटर सायन्सच्या मार्कांवर मिळायचा, आणि कॉलेजच्या सराव परीक्षेत फिजिक्सचा पहिलाच प्रश्न अडला तशी मी पाऊण तासात रडत बाहेर आले होते. येत सगळं होतं, पण हात गार पडले की आठवत काही नसे. वडील रागावले नाहीत. त्यांनी शांतपणे एवढंच सांगितलं, की आता एकच संधी. जमलं तर डॉक्टर हो, नाही तर टेलिफोन एक्स्चेंजमध्ये मी शब्द टाकून ठेवलाय. ही बातमी आत्याकडे गेली, आणि पुढच्याच रविवारी माझी रवानगी कल्याणहून डोंबिवलीला झाली.

बाहेरच्या खोलीत चार पाट मांडलेले असत, प्रत्येकापुढे बाक म्हणून एक उपडं खोकं. पाटावर खडूने सीट नंबर घातलेला. हॉल तिकिटं जुन्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजूवर केलेली, त्यामुळे माझ्या तिकिटामागे कुणा चिरंजीव वसंताचं लग्न होतं. ठाकुर्लीच्या वीजघराचा भोंगा ऐकून लावलेल्या घड्याळात अकरा वाजले की आतोबा पितळी ताटावर पळी वाजवत आणि पेपर वाटत. सुपरवायझर म्हणजे आत्या. ती तांदूळ निवडता निवडता आमच्यावर नजर ठेवायची. पुरवणी हवी तर उभं राहून हात वर करायचा. शेवटी पुरवण्या दोऱ्याने बांधायच्या, आणि गाठ सैल निघाली तर आतोबा पाच मार्क कापत. परीक्षेला आम्ही तिघं, मी आणि शेजारची दोन मुलं. भिंतीकडचा चौथा पाट, नंबर ४१७, कायम रिकामा. आत्या दर रविवारी हजेरीच्या वहीत त्या नंबरापुढे ‘गैरहजर’ असं वळणदार अक्षरात लिहायची. हा कोण, असं मी एकदा विचारलं, तर म्हणाली, ‘‘तू तुझा पेपर लिही.’’

आतोबांचा मुख्य नियम असा, की पेपर शेवटच्या प्रश्नापासून सोडवायचा. पहिल्या प्रश्नाकडे बघायचंसुद्धा नाही. तो लग्नातल्या मानकऱ्यासारखा असतो म्हणे. त्याची समजूत काढत बसलं की बाकीचं लग्न राहून जातं. शेजारच्या एकाने सवयीने पहिल्यापासून सुरुवात केली, तेव्हा त्याचा पेपर काढून घेऊन आतोबांनी त्याला गॅलरीत उभं केलं होतं. बाकी ते कुणाला कधी बोलल्याचं मला आठवत नाही.

दुसरा नियम व्यत्ययाचा. खऱ्या परीक्षेत कुणी खोकतं, कुणाची दौत सांडते, म्हणून आतोबा ऐन रंगात मागे उभं राहून खोकत आणि मधूनच स्वयंपाकघरात डबा पाडत. खाडीकडच्या गावातून एक भाजीवाली यायची. बरोबर साडेबाराला खिडकीखाली ओरडायचं, असं त्यांनी तिच्याशी ठरवलं होतं. एकदा ओरडायच्या आधी ती दारात येऊन म्हणाली, ‘‘मास्तर, ही पोरी रडकुंडीला आलीय. आज वरडू का नको?’’ आतोबांनी क्षणभर माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, ‘‘आज दोनदा ओरड.’’

एका रविवारी आत्याचे एक दीर विठ्ठलवाडीहून सहज भेटायला आले. पेपर चालू असताना बोलायची बंदी. दारात पाऊल टाकलं तर घर चिडीचूप, तीन माणसं माना खाली घालून जमिनीवर बसलेली, आत्या तोंडावर बोट ठेवून, आणि आतोबा कुठे दिसत नव्हते. ते डबा पाडायला आत गेले होते. बिचारे दीर चपला काढून कोपऱ्यात बसले, डोळे पुसले आणि तसेच उठून कल्याणला आमच्या घरी बातमी द्यायला गेले. दुपारी वडील खांद्यावर पंचा टाकून धावत आले, तेव्हा आतोबा माझ्या पुरवण्यांची गाठ ओढून बघत होते. खुलासा झाल्यावर आतोबांनी एवढंच विचारलं, की पण मुलं विचलित झाली नाहीत ना?

मग खरी परीक्षा आली. फिजिक्सचा पेपर हातात पडला, मी घाबरून पहिलाच प्रश्न वाचला आणि हात गार पडले. मागे कुणीतरी खोकलं. मला एकदम त्या खोलीतल्या तांदळाचा वास आला. मी पेपर उलटा केला, शेवटून सुरुवात केली आणि दोऱ्याची गाठ घट्ट मारूनच बाहेर आले. प्रवेशाची यादी लागली तेव्हा आतोबा माझ्याबरोबर आले होते. सगळे वरून वाचत होते. त्यांनी खालून वाचायला घेतलं, आणि तिसरंच नाव माझं निघालं.

त्यांनी मला शाबासकी दिली नाही. माझा फिजिक्सचा पेपर मात्र मागून घेतला. पुढच्या रविवारी मी पेढे घेऊन गेले, तर खोलीत एकच पाट होता, चारशे सतराचा, आणि त्यावर टोपी काढून आतोबा माझा पेपर सोडवत बसले होते. आत्याने मला स्वयंपाकघरात नेऊन हळूच सांगितलं. त्यांना इंजिनियर व्हायचं होतं. इंटरला ते पहिल्या प्रश्नाशी अडीच तास झटत बसले आणि बाकीचा पेपर कोरा देऊन आले. घरची परिस्थिती अशी, की पुन्हा बसणं झालं नाही. तो नंबर तेव्हाचा.

दोनला आत्याने ताट वाजवलं. आतोबांनी मान वर न करता विचारलं, ‘‘पाच मिनिटं मिळतील?’’

‘‘नियम सगळ्यांना एकच,’’ आत्या म्हणाली.

पेपर मी तपासला. पहिला प्रश्न कोराच होता, बाकीचे सगळे सोडवलेले. गाठही पक्की. मी मार्क सांगितले तेव्हा त्यांनी ते दोनदा विचारून घेतले, मग टोपी घातली आणि पेढा मागितला. मला फार रडू आलं, आणि त्या दिवशी मी ते आवरलं नाही.

आतोबा गेले त्यालाही आता बरीच वर्षं झाली. हजेरीची ती वही आत्याने मला दिली. तिच्यात पानंच्या पानं ४१७ पुढे गैरहजर, गैरहजर असं आहे, आणि शेवटच्या पानावर, त्याच वळणदार अक्षरात, एकदाच ‘हजर’.