अनुदान समितीवरचे आरीमामा

"वाढप्यानं आधी आपलं ताट पालथं घालावं," असं आरीमामा उठता-बसता म्हणायचे.

चामड्याच्या पिशव्या आणि यंत्रांचे पट्टे शिवण्यात त्यांचं आयुष्य गेलं. चामड्याला भोकं पाडायची टोकदार आरी कायम कानावर खोचलेली, म्हणून गल्लीनं दिलेलं हे नाव. माणूस असा सरळ, की ओळंबा हरवला तर गवंड्यानं त्यांना शेजारी उभं करून भिंत चढवावी. शहरानं छोट्या धंद्यांना अनुदान द्यायचं ठरवलं, वाटप करायला दुकानदारांतूनच तिघे निवडायचे म्हटलं, तेव्हा पहिलं बोट मामांकडे गेलं.

लेकीला मात्र ते पालुपद ऐकलं की दाढ ठणकावी तशी कळ यायची. गल्लीच्या नळावर मामांची देखरेख होती, तेव्हा त्यांच्याच घरचा हंडा सगळ्यांच्या मागे असायचा, आणि बहुतेकदा रिकामाच परत यायचा. ती त्या हंड्याबरोबर वाढली.

तिचा नवरा लेथवर लोखंड कातायचा. हातात कसब होतं, पण हात पत्त्यांवर गेला आणि लेथ जुगारात गेली. समितीचा नियम असा, की चालतं दुकान डोळ्यांनी पाहिल्याशिवाय अनुदान नाही. मग नवरा पलीकडच्या बोळातल्या म्हाताऱ्या कातारीबाबांकडे गेला. तेही अनुदानासाठी अर्ज केलेलेच. त्यानं बाबांना भिंतीला दाबलं, नरड्यावर कोपर ठेवलं आणि त्यांची लेथ हातगाडीवर घालून आणली. समिती दोन्ही दुकानं पाहून गेली. इकडे यंत्र घरघरत होतं. तिकडे रिकाम्या ओट्यावर बाबा खाली मान घालून बसले होते. विचारलं तर म्हणाले, "विकली."

आरीमामा जावयाच्या दुकानात गेलेच नाहीत. ताट पालथं!

"बापाकडं तोंड उघडलंस," नवरा लेकीला म्हणाला, "तर जीभ या लेथमध्ये धरून फिरवीन." आणि ते नीट डोक्यात बसावं म्हणून त्यानं तिचं डोकं दारावर आपटलं. एक डोळा सुजून बंद झाला.

वाटपाच्या दिवशी तो तिला सोबत घेऊन समितीच्या कचेरीत आला. सासऱ्याच्या डोळ्यांसमोर लेक असलेली बरी, असा हिशेब. एकच अनुदान उरलं होतं आणि अर्ज दोन. जावयाचा अर्ज निघताच मामा उठून बाहेर आले, लेकीशेजारी बाकावर टेकले. नवरा आत, टेबलासमोर उभा होता.

"डोळ्याला काय झालं गं?"

"दार लागलं."

"दारं फार लागतात तुला हल्ली," मामा म्हणाले.

आतून बेकरीवाल्याचा आवाज आला. समितीवरचा तो दुसरा. "मामांचे जावई आहेत. आपण नाही म्हणालो तर मामांना काय वाटेल? ते बिचारे स्वतः मागायचे नाहीत." तिसऱ्या, लॉन्ड्रीवाल्या बाई म्हणाल्या, "हो बाई, घरचं माणूस. द्या."

ज्या माणसानं आपल्यांसाठी कधी काही मागितलं नाही, त्याच्या मागे त्याच्या नावानंच वाढलं जात होतं. समोरच्या बाकावर कातारीबाबा बसले होते. त्यांच्या गळ्यावरचा काळानिळा वळ लेकीला दिसत होता. उद्या दुकान नाही, तर हा म्हातारा खाणार काय? आणि आपण बोललो, तर घरी गेल्यावर आपलं काय?

"बाबा," ती म्हणाली, "लेथ आमची नाही. या कातारीबाबांची आहे. मारून आणली."

मामांनी मान वळवली.

"तुम्ही ताट पालथं घातलंत, पण डोळेही मिटून घेतलेत. एकदा येऊन बघितलं असतंत, तर तिच्या पट्ट्यावर तुम्हीच यांच्यासाठी घातलेली शिवण ओळखली असतीत."

मामा उठले. आत गेले आणि उभ्यानंच म्हणाले, "थांबा. यंत्र चोरीचं आहे."

जावई हसला. "सासरेबुवा, म्हातारचळ लागला का? बाहेर बसा."

"माझ्या पोरीच्या डोळ्याचाही हिशेब..."

वाक्य पुरं झालंच नाही. जावयानं त्यांची गचांडी धरली आणि कपाळ टेबलावर आपटलं. शाईची बाटली फुटली. काळ्यात तांबडं मिसळलं. मामांनी तोल सावरायला उजवा हात लोखंडी कपाटाच्या उघड्या फटीत घातला, तर जावयानं लाथेनं दार बंद केलं. हाडं मोडल्याचा आवाज बाहेर बाकापर्यंत आला. तीच बोटं, ज्यांनी गल्लीतलं प्रत्येक यंत्र चालतं ठेवलं होतं.

"आता शिव पट्टे!" जावई ओरडला आणि पुन्हा पाय उचलला.

तेवढ्यात लेक आत धावली. तिनं त्याच्या पाठीत खुर्ची घातली. तो वळला, त्यानं तिचे केस मुठीत धरून तिला खाली खेचलं आणि दुसरा हात आधाराला टेबलावर टेकला. मामांनी डाव्या हातानं कानावरची आरी काढली. जाड चामड्यातून एका दमात आरपार घालायची सवय. टेबलावरच्या त्या पंजातून ती लाकडात रुतली.

किंकाळीनं खिडकीची काच थरथरली. मूठ सुटली. त्यानं हात उपसून काढला, तसे बेकरीवाला आणि कचेरीतला शिपाई त्याला आडवा पाडून छातीवर बसले.

लॉन्ड्रीवाल्या बाईंनी कातारीबाबांचा अर्ज पुढे ओढला. "यांनाच. माझं मत यांनाच." बेकरीवाल्यानं जावयाच्या छातीवरून न उठताच मान हलवली.

लेकीनं पदराचा पट्टा फाडून मामांच्या हाताला गुंडाळला. बोटं बोटांसारखी राहिली नव्हती.

"मामा, तुम्ही दवाखान्यात जा," बेकरीवाला हळूच म्हणाला. "पोलिसांना आम्ही सांगतो, झटापटीत कशावर तरी हात पडला त्याचा. आरीचं नाव कशाला घ्यायचं?"

"तोही डोळे मिटण्यातलाच प्रकार," मामा म्हणाले. "भोसकलं मी. सांगणारही मीच."

"मी येते, बाबा."

"तू बाबांची लेथ आणायला जा, बेकरीची पोरं घेऊन. तुझी पेटीही उचल. त्या घरात पुन्हा पाय ठेवायचा नाही."

"ठेवणारच नव्हते," लेक म्हणाली.

मामा पायऱ्या उतरले. छातीशी धरलेल्या हातातून रक्त सदऱ्यावर उतरत होतं. कपाळावर शाई वाळली होती. बाजारातल्या माणसांनी बाजूला होऊन वाट दिली. ते पोलीस चौकीच्या दिशेनं चालत राहिले. वरच्या पायरीवरून लेक एका उघड्या डोळ्यानं त्यांच्याकडे पाहत होती, आणि तिच्या खांद्याचा आधार घेऊन कातारीबाबा.