तेरावं वर्ष लागलं का?

आमच्या बेला गावाकडं वय मोजाची एकच रीत: वर्ष लागलं म्हणजे झालं. पोरीचा बारावा वाढदिवस झाला, तसं माह्या सासूबाईनं गावभर सांगून टाकलं, "नातीले तेरावं वर्ष लागलं!"

मले तं तेच पाह्यजे होतं. पोट्टी कधीची भुताच्या सिनेमासाठी मागं लागली होती, मी कबूलबी करून बसली होती, आन् आदिलाबादच्या टॉकीजच्या पोस्टरवर छापलं होतं, 'यूए १३+'. मले वाटलं, तेराच्या आत प्रवेश बंद! पण लेकीले दिलेला शब्द मोडाचा कसा? मंग काय, अंगातच आलं माह्या. पोट्टीले माही नवी साडी नेसवली, अंबाडा घातला, टाचेच्या चपला दिल्या. "कोणी इचारलं तं तेरावं वर्ष लागलं म्हणजो," असं वाटभर घोकून घेतलं. आमचे हे मोटरसायकल चालवता चालवता नुसते हसून राह्यले होते.

दारावरच्या माणसानं काहीच इचारलं नाही. तिकिटं फाडली. पण माह्या पोटात काही राह्यते का? "भैया, इसको तेरवाँ साल लग गया!" मी वरडलीच. मागची रांग हसाले लागली.

पोट्टीनं मले बाजूला ओढलं. "आई, बंदी 'ए'वाल्या सिनेमाले असते व, अठराच्या आतल्याइले. हे तेरा म्हणजे, लहान पोरांले दाखवाचं का नाही, ते आईबापानं ठरवाचं."

"तुले ठाऊक होतं? मंग साडी काऊन नेसली व, भवाने?"

"ठरवाचं तुह्यावर हाय, असं सांगितलं असतं, तं तू नाहीच म्हटलं असतं." तिचे डोळे भरले. "वापस नेतं का आता?"

खरंच बोलली बाई. दुसऱ्यानं अडवलं तं मी भिंतीवरून उडी मारून जाईन. माह्यावर सोडलं का मीच दारात आडवी. पदर सावरत उभ्या त्या ठमाबाईकडं पाह्यलं आन् मले हसूच आवरेना. "चाल," म्हटलं, "भेव लागलं तं माहा हात धर."

मध्यंतराच्या आधीच पडद्यावर भूत चुलीमागून निघालं. मी अशी किंचाळली का बाप्पा! सारे पॉपकॉर्न ह्यांच्या मांडीवर. तेवढ्यात एक लहानसा हात माह्या डोळ्यांवर आला.

"नको पाहू आई," पोट्टी कानात म्हणली, "तुले तेरावं वर्ष लागाचं हाय अजून."