नाचायचं कोणाबरोबर?

“बोलत काही नाही, पण जीव सगळा माहेरी, करंज्यालाच आहे तिचा. आपली व्हायला वेळ लागेल.”

हे सासूबाई नणंदेला सांगत होत्या, स्वयंपाकघरात. मी गॅलरीत कपडे वाळत घालत होते. आमच्या सुकापूरच्या फ्लॅटला भिंती आहेत, पण नावाला. आता ऐकून सोडून द्यावं की नाही? गप्प बसण्यात तर मी पटाईत. पण नाही, मी त्यांची व्हायला निघाले आणि भर बाजारात स्वतःची शोभा करून घेतली.

डोक्यात खूळ भरलं नवऱ्याने. त्याला दुसरी कंपनी बोलावत होती आणि हा जाईना. का, तर म्हणे इंग्रजीत एक वाक्प्रचार आहे, ‘डान्स विथ द वन दॅट ब्रॉट यू’. समारंभाला ज्याने नेलं त्याच्याबरोबरच नाचायचं. तिथे जास्त देखणा कोणी दिसला म्हणून पलटी मारायची नाही.

“म्हणजे ज्यांनी आणलं त्यांची बाजू सोडायची नाही,” त्याने समजावलं.

मला या घरात कोणी आणलं? सासूबाईंनी. ‘मच्छीवाल्याची मुलगी’ म्हणून नातेवाईक नाकं मुरडत होते, तेव्हा त्या एकट्या हटून बसल्या होत्या. ठरलं तर मग.

रविवारी आम्ही तिघी पनवेलच्या मासळी बाजारात गेलो. एका टोपलीची मालकीण पाणी आणायला गेली होती, शेजारीण राखण करत होती. सासूबाईंनी सुरमई उचलली आणि भाव पाडायला नेहमीचं बोलल्या, “शिळी वाटते गं.”

शिळी? कल्ले लालभडक, डोळे असे चकचकीत की मलाच ओशाळल्यासारखं झालं. होडीवाल्याच्या घरात वाढले मी, मला कळत नाही होय? पण निष्ठा म्हणजे निष्ठा.

“शिळी काय, सडलीय,” मी म्हणाले. “आमच्याकडे मांजरसुद्धा तोंड लावणार नाही.”

लग्नानंतरचं माझं सगळ्यात मोठं भाषण. नणंद बघतच राहिली. सासूबाईंची मान ताठ झाली. मला चेव चढला. “असली मासळी विकताना लाज कशी वाटत नाही यांना?”

“नाय वाटत,” मागून आवाज आला.

कमरेवर कळशी घेऊन माझी सख्खी काकू उभी. ही उरणला मासळी घेऊन बसते, पनवेलला कधी आली?

“तुज्याच बापाच्या होडीची हाय, पोरी. पहाटंच उतरलीय. सांगू त्याला, लेक काय बोलली ती?”

आजूबाजूच्या बायकांचे कोयते थांबले. सासूबाई गोऱ्यामोऱ्या झाल्या. “अहो, भाव करताना बोलतात माणसं,” असं काहीसं पुटपुटत त्यांनी माझा दंड धरला. “चल, पुढे बघू.”

मी जागची हलले नाही.

“नाही आई. तुम्ही मला आणलंत, पण पाठवलं ह्या माझ्या माहेरच्यांनी. मी दोन्हीकडे नाचणार, तोंडावर आपटले तरी. सुरमई ताजी आहे, खोटं मी बोलले, आणि काकू म्हणेल त्या भावाने आपण ती घ्यायची. आणि काकू, बाबांना सांगायचंच असेल तर खुशाल सांग. फक्त ते मांजराचं तेवढं गाळ.”