साहेबाच्या गावचा संत

आखातात, जबल अली बंदरावरच्या ऑफिसात वीस वर्षं माझं काम एकच: मालाच्या कागदांवरची नावं-पत्ते ताडून पाहणं. आयर्लंडचा माल म्हणजे डोकेदुखी. जुन्या काळी तिथे एकाच नावाचे संत ढीगभर झाले आणि प्रत्येकाने आपलं नाव एकेका गावाला चिकटवलं. कुठलं गाव कुठल्या जिल्ह्यातलं, मला तोंडपाठ. ही फुशारकी आत्ताच मारून घेतो, पुढे जागा नाही.

साहेब अशाच एका गावचा. तो कायमचा परत निघाला होता आणि जाण्याआधी आमच्या टेबलावरच्या दोघांपैकी कोणाला ठेवायचं, ते लिहून देणार होता. माझी मुलगी बारावीत. नोकरी गेली की व्हिसा जाणार आणि ऐन वर्षात तिची शाळा सुटणार. म्हणून निरोप समारंभाला मी त्याच्या गावच्या संताची तसबीर द्यायची ठरवली. तसबिरीने माणूस विरघळतो, ही आपली घरची समजूत.

मुलगी म्हणाली, "बाबा, चेक इट वन्स. देअर आर सो मेनी विथ दॅट नेम."

"मला शिकवतेस? वीस वर्षं हेच करतोय."

इंटरनेटवरच्या चित्रात त्या नावाचा एक दाढीवाला होता. डोक्याभोवती काहीतरी चमकत होतं. मी म्हटलं, तेज. तो मुकुट होता.

समारंभात साहेब तसबिरीकडे बराच वेळ बघत राहिला. मग इंग्रजीत म्हणाला, "हा आमचा संत नाही. त्याच नावाचा राजा आहे. ह्यानेच आमच्या संताला मठातून हाकललं."

सगळे हसले. मी सगळ्यात मोठ्याने.

टेबलावरचा माझा जोडीदार कानाशी पुटपुटला, "खलास, भाऊ. राजा कामाला लागला."

दारापाशी साहेबाने माझ्या खांद्यावर हात ठेवला. अगदी मवाळपणे विचारलं, "नावं ताडून पाहायचं काम तुझंच ना?"

साहेबाने लिहून दिलेल्या कागदावर, ठेवायचा माणूस म्हणून, जोडीदाराचं नाव आलं. तसबीर साहेबाच्या रिकाम्या केबिनमध्येच राहिली होती, ती मीच घरी आणली.

पुण्याला निघायच्या आवराआवरीत मी ती कचऱ्याजवळ ठेवली. मुलीने उचलली. "इट्स अ गुड फ्रेम, बाबा." आधीच सांगितलं होतं, असं ती एकदाही म्हणाली नाही. म्हणाली असती, तर मला भांडता तरी आलं असतं.

काच फुटू नये म्हणून तिने राजाला आपल्या शाळेच्या गणवेशात गुंडाळलं आणि बॅगेत तळाशी ठेवलं. गणवेश आता लागणार नव्हता.