दारात सोडलेला पान्हा

बायांनो, अशा जवळ सरका बघू. तो मोबाईल ठेवा बाजूला. आई-बापाची चौकशी तुम्ही अंगठ्यानं करता आणि वर म्हणता, वेळच मिळत नाही. रागावत नाही मी, पण ऐका.

माझे वडील, आबा, नव्वदीला आलेत. आई गेल्यापासून ते माझ्याकडंच असतात, गंगावेशीजवळच्या आमच्या बोळात. गेल्या हिवाळ्यात त्यांनी अन्न सोडलं, बोलणंही सोडलं. चमचा नेला की ओठ मिटून भिंतीकडं तोंड. डॉक्टर म्हणाले, नाकातून नळी घालावी लागेल. धाकटा भाऊ पुण्याहून त्यांना दवाखान्यात न्यायला येणार होता. मीही आता म्हातारीच. त्यांना कुशीवर वळवताना माझीच कंबर धरायची. पण नळी लावलेले आबा डोळ्यांपुढं आले की जीव कासावीस व्हायचा. शुक्रवारी अंबाबाईपुढं उभी राहिले आणि जन्मात पहिल्यांदा वाटलं, ही ऐकते तरी का? काही मागावंसंच वाटेना. “तुझं लेकरू आहे, तूच बघ,” एवढं म्हणून घरी आले.

आबा तरुणपणी तालमीत घुमायचे. संध्याकाळी मला खांद्यावर बसवून दूधकट्ट्यावर न्यायचे. आमच्याकडं म्हशी कट्ट्यावर आणून गिऱ्हाइकासमोर धार काढतात आणि फेसाळ दूध तसंच हातात देतात. पेला माझ्या दोन्ही हातांत मावायचा नाही, आबा खालून हात लावायचे. कुठं गेले ते दिवस! त्याच कट्ट्यावरचं दूध आता मी त्यांच्यासाठी आणायची. पण उकळायची, गाळायची, वर ताकदीची पावडर घालायची. आबा त्याला तोंड लावायचे नाहीत. मला वाटायचं, दूधच नको झालंय त्यांना.

भाऊ आला, त्यानं पिशवी भरली, रिक्षा बोलावली. तेवढ्यात एक अनोळखी गवळी म्हैस घेऊन बोळात शिरला. मोठा रस्ता खणलेला, म्हणून तो इकडून कट्ट्याकडं निघालेला. म्हैस नेमकी आमच्या उंबऱ्यापुढं थांबली, काही केल्या हलेना. मागं रिक्षा अडकली, भाऊ चिडला. गवळी ओशाळून म्हणाला, “मावशी, हिनं पान्हा सोडलाय. भांडं आणा की, वाया जाईल.”

मी पेला दिला. धारेचा आवाज सुरू झाला आणि दाराजवळच्या खाटेवरून, किती दिवसांनी, आबा बोलले.

“कुणाची म्हस हाय रं? आवळून पिळू नगंस, दुखतंय तिला.”

“मग या की आजोबा, तुम्हीच पिळा,” गवळी म्हणाला.

आबा हसले. मी सवयीनं पेला घेऊन चुलीकडं वळले, तर त्यांनी हात पुढं केला. थांबत थांबत निम्मा पेला प्यायले. मी खालून हात लावला होता. भावानं रिक्षा परत पाठवली आणि त्यांच्या पायाशी बसून राहिला. म्हैस आपली आपण चालू लागली.

रस्ता खणलेला होता म्हणून ती आली, असं कुणी म्हटलं तर मी वाद घालत नाही. मला कळलं ते एवढंच, की राबणं आपल्याकडं, राखणं अंबाबाईकडं. तेव्हापासून कंबर दुखते, पण ओझं वाटत नाही.

आबा आता मऊ भात खातात, दुपारी दारात बसून आल्यागेल्याला हटकतात. थकलेत मात्र. तुमच्या घरी असं कुणी असेल तर आधी त्यांच्याकडं जा, मग आमच्याकडं या. आबांना माणसं लागतात. लौकर या.