जळकोटच्या विहिरीतला पांढरा थर

उदगीरच्या डाळमिलीत निवडायला बसणाऱ्या बायकांत दानम्माचा ढीग लांबून ओळखू यायचा. अख्खी डाळ समोर, फुटकी, काळी, किडकी बाजूला. उठताना बसली जागा झाडून साफ. चुरी मागं टाकून उठलेली बाई मुकादमाला चालत नसे. नवरा गेल्यावर दानम्मानं हेच काम मान मोडेस्तोवर केलं आणि कुणाला बोट दाखवायला जागा ठेवली नाही.

लातूर जिल्हा नवा झाला आणि दोनेक वर्षांत पाऊस रुसला. तूर आली नाही, मिलीला कुलूप लागलं. तिच्या माहेरी, जळकोटला, धाकटा भाऊ शिवप्पा विहीर खोल करत होता. काळ्या खडकाखाली मऊ, पांढऱ्या दगडाचा थर लागला. त्याखाली परत काळा. ही बातमी कॉलेजात भूगर्भ शिकवणाऱ्या गुरुबसप्पा सरांच्या कानावर गेली. सर सायकल घेऊन जळकोटला आले, पांढरा दगड भिंगाखाली धरला आणि मातीतच बसले.

"शिवप्पा, हा काळा दगड म्हणजे थिजलेला आगीचा रस. एक लोंढा आला, मग दुसरा. त्या दोघांच्या मधल्या काळात इथं पाणी साचलेलं होतं."

"तळं आसंल सर."

"तळं का समुद्र, तेच बघायचंय."

समुद्रात एका पेशीचे जीव असतात. जीव मोहरीहून बारीक, पण अंगावर कवच, कवचाला कप्पे. मेले की कवचं तळाशी बसतात आणि त्यांचा दगड होतो. कोणती कवचं आहेत हे जातवार लावलं की पाणी खारं होतं का गोडं ते कळतं. नव्या जिल्ह्याचं माहितीपुस्तक निघणार होतं. त्यातलं खडकांचं पान सरांकडे होतं. इथं समुद्र होता, ही एक ओळ त्यांना त्यात लिहायची होती. पण पुराव्याशिवाय नाही.

निवडायला सराईत हात पाहिजे होता. शिवप्पानं बहिणीचं नाव सांगितलं आणि दगडाची पोती भरून कॉलेजात पोचवली.

काम हलकं दिसायचं, हलकं नव्हतं. दगड फोडायचा, पण ठेचायचा नाही. सोड्याच्या पाण्यात भिजत घालायचा आणि आपोआप सुटा होऊ द्यायचा. हातानं चोळला की कवचं गेली. मग बारीक चाळणीतून धुवायचा. दुष्काळात पाणी आणायचं कुठून? दानम्मा तेच पाणी निवळून परत वापरायची. वाळलेली भुकटी काळ्या रंगाच्या ताटलीत पसरायची, सूक्ष्मदर्शकाखाली डोळा लावायचा, आणि ओल्या कुंचल्याच्या टोकानं एकेक कवच उचलायचं. श्वास जोरात सोडला तरी कवच उडून जायचं.

सरांनी पहिल्या दिवशी दोन-चार अख्खी कवचं उचलून दाखवली आणि ते वर्गावर गेले.

शेजारची पारूबाई चिडवायची, "धूळ निवडायला जाती म्हणं. शिजती का गं ती?"

"शिजत न्हाई. पर तुझ्या सासूपेक्षा जुनी हाय."

"मग तर मुळीच शिजायची न्हाई!"

दानम्मा हसायची. खुर्चीवर बसून करायचं काम तिला जन्मात पहिल्यांदा मिळालं होतं. सर तिला अहोजाहो करत. संध्याकाळी तिनं लावलेल्या काचपट्ट्या बघत आणि म्हणत, "काय हात आहे दानम्मा तुमचा!" गोल, अख्खे, एकसारखे दाणे ओळीनं बसलेले असत. सर त्यांची जात लावत. सगळी बिनकप्प्यांची, गोड्या पाण्यातली निघत. सर म्हणत, "असू द्या. अजून पोती आहेत."

शेवटचं पोतं उरकलं त्या दुपारी सरांनी सहज तिचा कुंचला धुवायला घेतला. केसांत काहीतरी अडकलं होतं. त्यांनी ते सूक्ष्मदर्शकाखाली धरलं आणि बराच वेळ डोळा काढला नाही. फुटका तुकडा होता. त्याला तीन कप्पे होते, एकापेक्षा एक मोठा, वळत गेलेले.

"दानम्मा, असले अजून कुठं आहेत?"

"फुटके होय? ते काढून टाकले की सर. रोजच."

"टाकले म्हणजे?"

"झाडून उकिरड्यावर. चुरी कशाला ठिवायची?"

सरांनी कुंचला खाली ठेवला. त्यांच्या तोंडाकडे बघून दानम्माला कळलं. समुद्रातली कवचं पातळ, सगळी फुटून गेलेली. तिनं ती ओळखून, नीट वेचून, रोज बाहेर टाकली होती. तिच्यासारखी बारीक नजर नसती तर थोडी तरी राहून गेली असती. उकिरड्यावर उन्हाळ्याचा वारा सुटला होता.

दुसऱ्या दिवशी दोघं एसटीनं जळकोटला गेले. विहिरीकाठी पांढऱ्या दगडाचा ढीग नव्हता. गावातल्या बायकांनी तो पाट्या भरभरून नेला होता, भिजवून, घोटून भिंतींना पोतारा दिला होता. घरं पांढरीशुभ्र दिसत होती. विहिरीला झरा फुटला होता. पांढरा थर पाण्याखाली गेला होता आणि काठावर घागरींची रांग लागली होती. आसपास दुसरीकडं कुठं पाणी नव्हतं.

शिवप्पा पुढं आला. "या सर! बघा, पाणी लागलं."

सरांनी पाण्यात बघितलं. "किती दिवसांत उपसेल?"

"इंजिन लावलं तर दोन-तीन दिवस. काहून?"

दानम्मानं सगळं सांगितलं. रांगेतल्या केवळाबाई म्हातारीनं विचारलं, "काय म्हणायलेत गं सर? पाणी काढून टाकायचं? कुठं?"

"वावरात," शिवप्पा म्हणाला. "दुसरीकडं कुठं जाणार?" मग बहिणीकडं वळला. "आक्का, तुझ्या हातून झालं म्हणतीस. तू म्हण, मी इंजिन लावतो. गाव काय म्हणंल ते माझं मी बघतो."

सर खाली बघत होते. त्यांनी 'नको' म्हटलं नाही. तेवढा मोह त्यांनाही सुटत नव्हता.

दानम्माला त्या तीन कप्प्यांचं सरांनी धरलेलं मोल माहीत होतं. झरा परत येईल का, हे कुणालाच माहीत नव्हतं. ती केवळाबाईच्या घागरीकडं बघत राहिली.

"नको रं तम्मा," ती धाकट्या भावाला म्हणाली. "राहू दे पाणी."

सरांनी मान डोलावली.

पुस्तक छापून आलं. खडकांच्या पानावर सरांनी गोड्या पाण्याचं तळं लिहिलं. दानम्मानं विचारलं तेव्हा म्हणाले, "एका तुकड्यावर समुद्र मांडता येत नाही." आवाज रोजच्यासारखा होता. मिल सुरू झाली, ती परत सुपाशी बसली. कॉलेजात तिला करायला काही उरलं नव्हतं.

वर्षभरानं सरांची बदली नांदेडला झाली. दानम्मा स्टँडवर गेली. सर खिडकीत बसले होते.

"बरं आहे ना दानम्मा?"

"सर, एकदा तरी रागवा मला."

"कशाबद्दल?"

"तुम्हाला माहीत हाय."

"दाखवलं मीच अर्धवट," सर म्हणाले. "तुम्ही काम चोख केलंत."

कंडक्टरनं घंटी मारली. दानम्मा गजाला धरून दोन पावलं चालली, मग हात सोडला. चोख, म्हणाले. शिवी दिली असती तर तिनं ती कुठंतरी ठेवली असती. मिलीचा भोंगा होऊन गेला होता. मुकादम आत घेणार नाही हे माहीत असूनही ती मिलीकडंच चालू लागली.